मतदानाच्या संध्याकाळी सुरू झालेला ठणका

वकीलताई, नमस्कार.

माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. कराड तालुक्यातल्या आमच्या गावात त्या पस्तीस वर्षं शिवणकाम करत आल्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. दिवाळीची शिलाई उरकू दे म्हणून त्या थांबल्या आणि १८ नोव्हेंबर २०२४ ला एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन केलं. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. भिंगासकट २६ हजार रुपये भरले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, छान आहे म्हणाले. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. आत्या काळा चष्मा लावून मत देऊन आल्या आणि त्या संध्याकाळी डोळ्यात ठणका सुरू झाला. रात्री दवाखान्यात फोन केला, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, एवढं दुखतंच, थेंब चालू ठेवा. २१ ला सकाळी परत फोन केला. सोमवारी तपासणीला याच, म्हणाली. शनिवारी निकालाचे फटाके वाजत होते तेव्हा पापणी सुजून डोळा उघडत नव्हता, बुबुळात पांढरं दिसत होतं. रिक्षा करून गेलो, तर डॉक्टर बाहेरगावी. कंपाउंडरने दुखायची गोळी दिली. सोमवारी डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच मिरजेला पाठवलं. तिथे म्हणाले आत पू झालाय, फार उशीर झाला. इंजेक्शनं दिली, आतलं ऑपरेशन केलं, १ लाख १० हजार खर्च झाला. आता त्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो.

डॉक्टर म्हणतात, तुम्ही कागदावर सही केली होती आणि पेशंटला शुगर आहे. फाइल मागितली तर देत नाहीत. ४० हजार घ्या आणि आमची तक्रार नाही असं लिहून द्या, असा निरोप आलाय. दीर म्हणतात पोलिसांत जाऊ. वर्ष उलटून गेलं. आता काही करता येईल का?

— एक सून, सातारा जिल्हा

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझी पेन्सिल एकाच जागी थांबली: '२१ ला सकाळी परत फोन केला.' तुमची सगळी केस त्या ओळीत आहे.

डोळा गेला म्हणजे डॉक्टरांचा निष्काळजीपणा झालाच, असं कायदा धरत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणं, ज्याला डॉक्टर एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात, हे सगळी काळजी घेऊनही क्वचित घडतं. 'संसर्ग झालाच कसा' एवढ्याच प्रश्नावर तुम्ही लढायला गेलात, तर समोरचे वकील वैद्यकीय पुस्तकं उघडून हा माहीत असलेला धोका आहे असं दाखवतील आणि तुम्ही तिथेच अडकाल. पण हा धोका माहीत आहे म्हणूनच ऑपरेशननंतर ठणका, लाली, पापणीची सूज आणि कमी होत जाणारी नजर या चार गोष्टी ऐकल्या की पेशंटला त्याच दिवशी बोलावायचं, हे डोळ्यांच्या प्रत्येक डॉक्टरला शिकवलेलं असतं. डोळ्याच्या आतून नमुना घ्यायचा, अँटिबायोटिकचं इंजेक्शन आत द्यायचं. यात तासांचा हिशेब असतो. तुमच्या आत्याबाईंना बुधवारी संध्याकाळी दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी डोळा पाहिला सोमवारी. मधल्या दिवसांत दोन फोन झाले आणि एक खेप झाली. त्या तिन्ही वेळा दवाखान्याने काय केलं, हा तुमचा प्रश्न असला पाहिजे.

काउंटरवरची मुलगी डॉक्टर नव्हती, हा बचाव होत नाही. ठणका लागलेल्या पेशंटचा फोन डॉक्टरांपर्यंत पोचवायची व्यवस्था ठेवणं हे दवाखान्याचं काम आहे आणि नोकरांच्या चुकीला दवाखाना जबाबदार असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं आहे की, कोणत्या डॉक्टरचं किंवा नर्सचं नेमकं काय चुकलं हे पेशंटने शोधत बसायची गरज नाही. दवाखान्याला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, केलं की पुरतं, आणि प्रथमदर्शनी चूक दिसली की काळजी घेतली होती हे दाखवायची जबाबदारी दवाखान्यावर येते. तुम्ही दवाखाना आणि डॉक्टर, दोघांनाही सामनेवाला करा.

आता पुराव्याचं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजोबा आले होते, त्यांची गोष्ट थेट तुमच्यासारखी. तीनदा फोन केले, कोणी दाद दिली नाही, असं ते शपथेवर सांगत होते, आणि मला त्यांच्या शब्दाबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पण फोन त्यांच्या नातवाच्या मोबाइलवरून केलेले, तो मोबाइल विकलेला, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर एका ओळीत लिहिलेलं, 'पेशंट सांगूनही तपासणीस आला नाही.' ती केस मी हरले. तेव्हापासून माझ्याकडे कोणी आलं की मी आधी मोबाइल मागते. ज्या मोबाइलवरून २० आणि २१ तारखेला फोन केले तो कुणाचा आहे, त्यात नोंदी शिल्लक आहेत का, हे आज पाहा. असतील तर फोटो काढून ठेवा, मोबाइल बदलू नका. नसतील तर कंपनीकडून कॉलचा तपशील मागवावा असा अर्ज ग्राहक आयोगापुढे करता येतो; त्या नोंदी कंपनीकडे कायम राहत नाहीत, म्हणून वकिलांना हे पहिल्याच दिवशी सांगा. शनिवारच्या रिक्षावाल्या दादांना भेटून त्यांचं म्हणणं लिहून घ्या. आणि कुठली तारीख कशी लक्षात राहिली, तेही लिहा. बोटावरची शाई, निकालाचे फटाके. उलटतपासणीत साक्षीदाराला तारखांवरूनच गोंधळात पाडतात. तुमच्या तारखा अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत.

फाइल देत नाहीत, हे बेकायदा आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलं आहे की, दाखल केलेल्या पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये पेशंटचा हा हक्क मान्य केला आहे. आत्याबाईंच्या सहीने साधा अर्ज लिहा: ऑपरेशनच्या नोंदी, संमतीपत्र, ऑपरेशनआधीच्या तपासण्या, भिंगाचं स्टिकर, बिल आणि नंतरच्या भेटींचे केसपेपर. एक प्रत हातोहात देऊन दुसरीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. फाइल दिली नाही तर तोच तुमच्या बाजूचा एक पुरावा होतो. मिरजेचे कागदही सगळे हवेत, विशेषतः आतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट आणि पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या ओळी. 'किती दिवसांपासून त्रास' या रकान्यात त्यांनी 'पाच दिवस' लिहिलं असेल, तर त्या दोन शब्दांचं मोल फार मोठं आहे, कारण ते भांडण सुरू होण्याआधी, तिऱ्हाईत डॉक्टरने लिहिलेले आहेत. आणखी एक: त्याच दिवशी त्याच ऑपरेशन थिएटरात आणखी कुणाचं ऑपरेशन झालं आणि त्यांनाही त्रास झाला का, याची चौकशी करा. तसं निघालं तर निर्जंतुकीकरणाचा प्रश्न उभा राहतो आणि तुमच्या केसचं स्वरूपच बदलतं.

वर्ष उलटलं तरी दार बंद झालेलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. मुदत ऑपरेशनच्या दिवसापासूनच मोजा, म्हणजे नोव्हेंबर २०२६ चा पहिला पंधरवडा ही तुमची शेवटची हद्द. तिथपर्यंत जाऊ नका. तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात करायची, किंवा ई-जागृती पोर्टलवरून. पैसे भरून घेतलेला उपचार ही कायद्याच्या अर्थाने 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयात व्ही. पी. शांता प्रकरणात १९९५ मध्येच ठरलं. कोणत्या आयोगात जायचं ते भरपाई किती मागता त्यावर ठरत नाही, दवाखान्याला दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. तुम्ही २६ हजार भरले, म्हणून दहा लाख मागितले तरी फी लागणार नाही. कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने लिहिले आहेत, पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, प्रत्यक्षात वर्षं जातात.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात आधी हवंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. तरीही एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या नेत्रतज्ज्ञाला कागद दाखवून, 'ठणक्याची तक्रार आल्यावर पेशंटला पाच दिवस न पाहणं योग्य होतं का' या एका प्रश्नावर लेखी मत मिळालं तर घ्या. जिल्ह्यात डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात, म्हणून बाहेरच्या जिल्ह्यात विचारा.

सहीबद्दल. ऑपरेशनला संमती म्हणजे ऑपरेशनला संमती. नंतरच्या दुर्लक्षाला नाही. कुठल्याही संमतीपत्राने निष्काळजीपणा माफ होत नाही. शिवाय २००८ च्या एका निकालाप्रमाणे संमती घेताना धोके आणि पर्याय पेशंटला कळेल अशा रीतीने सांगावे लागतात. तो कागद मराठीत होता का, आत्याबाईंना कुणी वाचून दाखवला का, ते लिहून ठेवा. शुगरचा मुद्दा तर मला दवाखान्यावरच उलटणारा वाटतो. मधुमेह्याला संसर्गाचा धोका जास्त, हे त्यांना माहीत होतं ना? मग ऑपरेशनआधी रक्तातली साखर तपासली का, अश्रूंचा मार्ग मोकळा आहे का ते पाहिलं का, आणि धोका जास्त असलेल्या बाईचा फोन आल्यावर सोमवारपर्यंत थांबायला का सांगितलं?

४० हजारांच्या कागदावर सही करू नका. 'पूर्ण व अंतिम तडजोड' या शब्दांखाली सही झाली की पुढचं सगळं अवघड होतं. तडजोडीला माझा विरोध नाही. आयोगात तक्रार दाखल झाल्यावर मध्यस्थीची सोय कायद्यातच आहे, तिथे दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात. पण मिरजेचा खर्चच १ लाख १० हजार झालेला असताना निरोप्यामार्फत आलेल्या ४० हजारांवर पस्तीस वर्षांच्या शिलाईकामाचा हिशेब मिटवू नका.

भाऊजींचा राग मला समजतो. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे 'गंभीर दुखापत' आहे, आणि हयगयीने ती केल्यास कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी निष्पक्ष वैद्यकीय मत घ्यायचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं. तुमचा अर्ज मतासाठी सिव्हिल सर्जनकडे जाईल. ते मत तुमच्या विरुद्ध आलं, तर तोच कागद दवाखाना आयोगापुढे ठेवेल. म्हणून माझा सल्ला, पोलीस ठाण्याची पायरी आत्ता चढू नका. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार मात्र करता येते. तिथे पैसे मिळत नाहीत, पण ताकीद देण्याचा, काही काळासाठी नोंदणी काढून घेण्याचा अधिकार परिषदेला आहे, आणि डॉक्टरांना तिथे लेखी उत्तर द्यावं लागतं.

भरपाईत काय धरायचं? बिलं, औषधं, मिरजेच्या खेपा, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, वेदना, आणि सगळ्यात मोठं म्हणजे शिलाईची कमाई. आत्याबाईंनी हिशेब ठेवला असेल, मापांच्या वहीत का होईना, तर ती वही जपा. ऑपरेशनआधीचे महिने आणि नंतरचे महिने शेजारी ठेवले की काय गेलं ते दिसतं. नसेल तर नेहमीच्या चार-पाच गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतील. अपंगत्वाचा दाखला काढाल तेव्हा एक धक्का बसेल, त्याची तयारी ठेवा: दुसरा डोळा चांगला असेल तर एक डोळा पूर्ण गेला तरी सरकारी तक्त्यात अपंगत्व ३० टक्केच धरतात, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. पण आयोगाची भरपाई त्या आकड्याला बांधलेली नाही. एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही. सुईत दोरा ओवणं, मशीनच्या सुईखाली कापड सरकवणं यात काय फरक पडतो, ते आत्याबाईंना त्यांच्या शब्दांत सांगू द्या.

आणि तुम्ही न विचारलेलं एक. त्यांच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू असेल किंवा पुढे येईल. पहिल्या अनुभवाने त्या ऑपरेशनला नको म्हणतील. केस चालू आहे म्हणून ते लांबवू नका, केसला त्याने काही बाधा येत नाही. चांगल्या जागी, साखर आटोक्यात आणून, रात्री फोन कुणी उचलेल हे आधी विचारून करा. त्यांच्याकडे आता एकच डोळा आहे.

वकीलताई, आमची मुलगी ३१ व्या आठवड्यात जन्मली, वजन १३०० ग्रॅम. ३२ दिवस काचेत होती. घरी सोडताना डोळ्यांबद्दल कुणी काही बोललं नाही. सातव्या महिन्यात नजर ठरत नाही म्हणून दाखवलं, तर दोन्ही पडदे सुटलेत म्हणाले. आता ती दोन वर्षं चार महिन्यांची आहे. हे नशीब म्हणून सोडून द्यायचं का?

— आई-बाबा, लातूर

नाही. हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही, पण नशीब हा शब्द मला मान्य नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढतात, याला आरओपी म्हणतात. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा, हा आपल्याकडचा नियम आहे, कारण वेळेत लेझर केलं तर बहुतेक बाळांची नजर वाचते. तुमची मुलगी तीसावा दिवस उलटला तेव्हा त्यांच्याच ताब्यात होती. डिस्चार्ज कार्ड काढून पाहा. त्यावर 'पडदा तपासणी' असा शब्द नसेल, तर हे कोरं कार्डच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये जन्मलेल्या मुलीच्या बाबतीत हेच घडलं होतं, २९ वा आठवडा, १२५० ग्रॅम, तपासणी नाही. १ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने तिला पुढच्या उपचारांसाठी १ कोटी ३८ लाख आणि झालेल्या खर्चापोटी सुमारे ४३ लाख मंजूर केले. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या एका मुलाला याच कारणासाठी ७६ लाख मिळाले. वकिलांना हे दोन्ही निकाल पहिल्याच भेटीत दाखवा.

तुमची खरी अडचण वेळेची. जन्मापासून मोजलं तर दोन वर्षं उलटली. सातव्या महिन्यात, कळलं त्या दिवसापासून मोजावीत, असा युक्तिवाद करता येतो, पण न्यायालय तो सरसकट मानत नाही. गोव्यातल्या एका परिचारिकेच्या पोटात ऑपरेशनवेळी राहिलेला कापडाचा तुकडा नऊ वर्षांनी सापडला, तरी दुखत असताना इतकी वर्षं चौकशी का केली नाही म्हणून २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. तुम्ही तर संशय येताच दाखवलंत, तुमची बाजू पुष्कळ बळकट आहे. तरीही कळलेल्या तारखेपासूनचीही मुदत तीन महिन्यांवर आली आहे. याच महिन्यात ग्राहक आयोगात तक्रार घाला आणि सोबत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ खाली विलंब माफीचा अर्ज जोडा. मुलीचा अपंगत्वाचा दाखला अजून काढला नसेल तर तोही काढा. दोन्ही डोळ्यांमुळे तिला सगळे लाभ लागू होतील.

सरकारी रुग्णालयात फुकट ऑपरेशन झालं आणि बायकोचा डोळा गेला. पैसेच दिले नाहीत, तर ग्राहक कसे? आम्ही कुणाकडे जायचं?

— एक निवृत्त शिक्षक, यवतमाळ

जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथे ग्राहक आयोगाचं दार बंद आहे, हे खरं. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांना मोफत, अशा रुग्णालयातला फुकटचा पेशंट मात्र ग्राहक ठरतो. तुमचं रुग्णालय पहिल्या प्रकारचं असेल, तर तुम्हाला दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावावा लागेल. त्याआधी शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यायची असते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहून ती दगावली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरलं. सरकार आहे म्हणून सुटका नाही, हे त्या निकालाने पक्कं झालं. उत्तर प्रदेशात खुर्जा इथे १९८६ च्या शिबिरात ८४ जणांची नजर गेली, तेव्हा प्रत्येकाला एकूण साडेसतरा हजारच मिळाले होते. आज न्यायालयं इतकी कमी रक्कम धरत नाहीत.

वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. दावा बाईंच्या नावाने लागेल, म्हणून अर्जही त्यांच्याच सहीने करा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० वर फोन करूनही विचारता येईल. जाताना आधार कार्ड, रुग्णालयाचा केसपेपर आणि नंतर ज्या डॉक्टरांनी डोळा तपासला त्यांची चिठ्ठी, तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. मूळ कागद कुणाकडेही सोडू नका.